कॅटापल्टचे साठ मेगावॉट जनरेटरला का दिसत नाहीत?

विमानवाहू जहाजाच्या डेकवरून विमानाला ओढून उड्डाणाचा वेग देणाऱ्या यंत्रणेला कॅटापल्ट म्हणतात. तिच्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा होता: "विद्युतचुंबकीय कॅटापल्टला एका उड्डाणासाठी ६० ते ८० मेगावॉट लागतात असं वाचलं. अणुभट्टी नसलेल्या जहाजावर एवढी वीज आणायची कुठून? आणि आणलीच, तर दर उड्डाणाला जहाजभर दिवे मिणमिणणार नाहीत का? नेमके किती मेगावॉटचे जनरेटर बसवावे लागतील?"

६०-८० मेगावॉट हा आकडा खोटा नाही. फक्त तो जनरेटरच्या खात्यात मांडायचा नाही. तो झटका जेमतेम अडीच-तीन सेकंदांचा असतो आणि जहाजाच्या स्विचबोर्डपर्यंत (वीज वाटणाऱ्या मुख्य फलकापर्यंत) पोचायच्या आतच ऊर्जासाठ्यात जिरतो. तेव्हा "एवढी शक्ती कुठून आणायची" यापेक्षा "हा झटका किती सेकंदांवर पसरायचा, आणि पसरल्यावर उरलेला चढउतार जहाजाच्या जनरेटरांना झेपेल का" हे विचारायला हवं. उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: विमान किती जड, समोरून वारा किती, दोन उड्डाणांत अंतर किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जहाजाचे पंखे (प्रोपेलर) कशावर फिरतात. तरीही एक ढोबळ हिशोब करून ठेवला की पुढचं बोलणं सोपं जातं.

३० टन वजनाचं विमान घ्या. कॅटापल्टची जोर लावण्याची लांबी साधारण ९१ मीटर असते. वारा अजिबात नाही असं धरलं, तर शेवटी डेकच्या तुलनेत वेग सुमारे ७० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी २५० किलोमीटर हवा. त्वरण येतं सुमारे २.७ जी (गुरुत्वाकर्षणाच्या २.७ पट) आणि वेळ २.६ सेकंद. एकूण जोर लागतो जवळपास ८१० किलोन्यूटन. यात विमानाची स्वतःची दोन इंजिनं पूर्ण ताकदीने सुमारे १६० किलोन्यूटन ढकलतात, म्हणजे कॅटापल्टच्या वाट्याला उरतात ६५०. (शटल म्हणजे विमानाला ओढणारी सरकती गाडी. तिचं वजन मी सोपेपणासाठी सोडून दिलं आहे. खऱ्या हिशोबात ते सोडून चालत नाही.)

आता शक्ती म्हणजे जोर गुणिले वेग. जोर जवळजवळ स्थिर ठेवायचा असल्यामुळे शक्ती शून्यापासून सरळ रेषेत चढत जाते आणि शटल टोकाला पोचताना सर्वाधिक होते: ६५० किलोन्यूटन गुणिले ७०, म्हणजे ४५ मेगावॉट. रेखीय मोटरची (सरळ रेषेत ढकलणाऱ्या विद्युत मोटरची) कार्यक्षमता ७० टक्के धरली तर मोटरला शेवटच्या क्षणी ६५ मेगावॉट द्यावे लागतात. तुम्ही वाचलेला आकडा तो हाच.

ऊर्जेचा हिशोब मात्र वेगळंच सांगतो. ६५० किलोन्यूटन गुणिले ९१ मीटर म्हणजे ५९ मेगाज्यूल. मोटर, कन्व्हर्टर (विजेचं रूप बदलणारी उपकरणं) आणि साठा यांतलं नुकसान धरून जहाजाकडून सुमारे १०० मेगाज्यूल घ्यावे लागतात. हे झाले २८ युनिट वीज. एका लहान इलेक्ट्रिक मोटारीची बॅटरी भरायला लागते तेवढी. ती ४५ सेकंदांत भरायची तर सरासरी शक्ती येते २.२ मेगावॉट. ६५ चे २.२ होतात, ते एवढ्याचसाठी की उपसणं अडीच सेकंदांचं आणि भरणं पाऊण मिनिटाचं.

अर्थात यंत्रणा नेहमीच्या उड्डाणावर नव्हे, सर्वांत जड उड्डाणावर बेतावी लागते. अमेरिकी नौदलाच्या 'इमाल्स' यंत्रणेची कमाल क्षमता १२२ मेगाज्यूल प्रति उड्डाण आहे. वाफेच्या कॅटापल्टची सुमारे ९५. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कार्यक्षमता ६० टक्के धरली (काही जण जास्त धरतात, मी नियोजनात धरत नाही) तर १२२ साठी जहाजाकडून २०० मेगाज्यूलच्या थोडं वर लागतात. आणि पूर्ण ४५ सेकंद काही हातात नसतात. उड्डाणाचे तीन सेकंद गेले. उरलेल्या ४२ सेकंदांत भार एकदम चढवता-उतरवता येत नाही, दोन्ही टोकांना पाच-पाच सेकंदांचा उतार (भार हळूहळू चढवण्या-उतरवण्याचा काळ) द्यावा लागतो. म्हणजे हिशोबाला उरतात ३७ सेकंद, आणि भरण्याची शक्ती होते ५.५ मेगावॉट. एका कॅटापल्टमागे हा आकडा धरा. दोन कॅटापल्ट पूर्ण गतीने चालवायचे तर ११, चार चालवायचे तर २२.

वाऱ्याचा परिणाम लोक कमी लेखतात. जहाजाचा वेग आणि समोरचा वारा मिळून डेकवर ३० नॉट मिळाले, तर वरच्याच विमानाला डेकच्या तुलनेत ७० ऐवजी सुमारे ५५ मीटर प्रति सेकंद पुरतात. ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते, म्हणून ती ३९ टक्क्यांनी घटते. मात्र हे ३० नॉट फुकटात मिळत नाहीत. जहाज जोरात पळवायचं म्हणजे प्रोपल्शनला (जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेला) भरपूर शक्ती द्यायची, आणि तीही नेमकी कॅटापल्ट चालू असताना. इथून जहाजाच्या रचनेचा मुद्दा सुरू होतो.

विक्रांतचं उदाहरण आकड्यांच्या प्रमाणापुरतं घेऊ. त्यावर कॅटापल्ट नाही, स्की-जंप (टोकाला वर वळलेला डेक) आहे. तिथे चार एलएम२५०० गॅस टर्बाइन मिळून ८८ मेगावॉट देतात, पण ती शक्ती गिअरबॉक्समधून थेट शाफ्टला जाते. तिचा एक वॉटसुद्धा स्विचबोर्डवर येत नाही. वीज बनवतात प्रत्येकी ३ मेगावॉटचे आठ डिझेल अल्टरनेटर, एकूण २४ मेगावॉट. अशा रचनेत ११ मेगावॉटचा कॅटापल्टचा भार म्हणजे बसवलेल्या क्षमतेचा जवळजवळ निम्मा भाग. एखादा संच दुरुस्तीला, एखादा राखीव, वर रडार, वातानुकूलन, पंप, लिफ्ट हे सगळं. वेगळे जनरेटर वाढवल्याशिवाय हे जमत नाही.

याउलट ब्रिटनच्या क्वीन एलिझाबेथ वर्गाची जहाजं. ती पूर्ण विद्युत-प्रोपल्शनची: प्रत्येकी ३६ मेगावॉटचे दोन गॅस टर्बाइन आणि चार डिझेल संच, एकूण सुमारे ११० मेगावॉट, सगळे एकाच विद्युत जाळ्यात. इथे ११ मेगावॉट म्हणजे दहावा हिस्सा. शिवाय एक मोठी सोय आहे. प्रोपल्शनची शक्ती वेगाच्या घनावर जाते, आणि हजारो टनांचं जहाज काही सेकंद मोटरची शक्ती कमी केली म्हणून थबकत नाही. पंख्यांना ६० मेगावॉट जात असतील आणि कॅटापल्ट भरायला सुरुवात होताना त्यातले १० टक्के काढून घेतले, तर ६ मेगावॉट मोकळे होतात. वेग घसरलाच तर तीन-साडेतीन टक्के, आणि तोही लगेच नाही. जनरेटरला भारात बदल झाल्याचं कळतही नाही. मला विचाराल तर बिगर-अणु जहाजावर कॅटापल्ट बसवण्याचा एवढाच सरळ मार्ग आहे.

पण शक्ती आहे म्हणून कॅटापल्ट बसतोच असं नाही. ब्रिटनने २०१० मध्ये याच वर्गातल्या एका जहाजावर विद्युतचुंबकीय कॅटापल्ट बसवायचं ठरवलं आणि २०१२ च्या मे महिन्यात निर्णय फिरवला, कारण बदलाचा अंदाजित खर्च जवळजवळ दुप्पट होऊन दोन अब्ज पौंडांच्या घरात गेला होता. डेकखालच्या खोल्या, केबलचे मार्ग, थंड पाण्याच्या वाहिन्या एकदा आखल्या की त्यात शंभर मीटरची मोटर आणि तिचे कन्व्हर्टर घुसवणं म्हणजे जहाजाचा मोठा भाग नव्याने काढणं. अणुभट्टीशिवाय हे होतं याचा पुरावा हवा असेल तर चीनचं विमानवाहू जहाज फूच्यान पाहा. २०२२ च्या जूनमध्ये जलावतरण, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नौदलात दाखल, तीन विद्युतचुंबकीय कॅटापल्ट, आणि अणुऊर्जा नाही.

इथवरचं सार: झटका ६५ मेगावॉटचा, भरणं एका कॅटापल्टमागे फार तर साडेपाचचं, आणि ते पेलणं हे एकूण मेगावॉटपेक्षा ते मेगावॉट कशाकशात वाटून घेता येतात यावर ठरतं.

आता दिव्यांबद्दल. डिझेल संचाला भार एका फटक्यात किती टाकता येतो याला मर्यादा असते. टर्बोचार्जरला हवा वाढवायला वेळ लागतो. ३ मेगावॉटचे चार संच चालू आहेत आणि ५.५ मेगावॉट एकदम टाकले, तर प्रत्येकावर १.४ मेगावॉट, म्हणजे ४६ टक्क्यांची पायरी येते. एवढ्याने फ्रिक्वेन्सी चांगलीच घसरते. व्यापारी जहाजांच्या वर्गीकरण नियमांत क्षणिक चढउताराला फ्रिक्वेन्सीसाठी १० टक्के आणि व्होल्टेजसाठी २० टक्के एवढी सूट आहे, फ्रिक्वेन्सी पाच सेकंदांत आणि व्होल्टेज दीड सेकंदात सावरायला हवं. लढाऊ जहाजावरची रडारं आणि संगणक एवढी ढिलाई चालवून घेत नाहीत. म्हणून पाच सेकंदांचा उतार. तोच भार सेकंदाला १.१ मेगावॉट या वेगाने चढवला तर चार संचांवर सेकंदाला ९ टक्के येतो. संच आधीच गरम आणि निम्म्या भारावर असतील तर हे झेपण्यासारखं आहे. थंड, रिकाम्या संचाला नाही.

दोन कॅटापल्ट असतील तर त्यांचं भरणं एकाच क्षणी सुरू होऊ देऊ नका. पॉवर मॅनेजमेंटमध्ये कुलूप घाला: एकाचा चढता उतार संपेपर्यंत दुसऱ्याला परवानगी नाही. हे न केल्यामुळे चाचणीत सगळं नीट आणि प्रत्यक्ष उड्डाणांच्या रांगेत कधीतरीच ब्रेकर पडतो, असला त्रासदायक दोष मिळतो. कारण दोन्ही भरणी एकावर एक येणं हा योगायोग असतो आणि तो चाचणीत सहसा जुळत नाही. उतरत्या उताराकडेही दुर्लक्ष नको. भरणं संपताच ५.५ मेगावॉट एकदम सुटले तर फ्रिक्वेन्सी वर उसळते, आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा नियंत्रक) दर पाऊण मिनिटाला वर-खाली पळत राहतो.

व्होल्टेजची निवड साध्या गुणाकारातून ठरते. ५.५ मेगावॉट ४४० व्होल्टवर नेले तर प्रत्येक फेजमध्ये सुमारे ८,००० अँपिअर, ते विसरा. ६,६०० व्होल्टवर ५३५, आणि १३,८०० व्होल्टवर २५५. अमेरिकेच्या निमिट्झ वर्गात वितरण ४,१६० व्होल्टवर होतं, त्यानंतरच्या फोर्ड वर्गात ते १३,८०० वर नेलं त्याचं मोठं कारण हे वाढलेले विद्युत भार. आणखी एक गोष्ट हार्मोनिकची, म्हणजे विजेच्या मूळ लहरीत मिसळणाऱ्या पटीतल्या लहरींची. कॅटापल्टचा साठा भरणारा रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं उपकरण) जर साधा सहा-पल्सचा असेल, तर पाचवा आणि सातवा हार्मोनिक सगळ्या जहाजाला वाटेल. वर्गीकरण नियमांत एकूण विकृतीची नेहमीची मर्यादा ८ टक्के आहे. चालू जनरेटरांच्या निम्म्या क्षमतेचा रेक्टिफायर असताना ती पाळायची तर बारा-पल्सचीही दमछाक होते. सक्रिय फ्रंट-एंड (करंटची लहर सुरळीत ठेवणारा नियंत्रित रेक्टिफायर) घ्या, महाग पडला तरी.

ऊर्जा साठवायची कशात, हा खरा मजेचा भाग. इमाल्समध्ये फिरते रोटर आहेत. सुरुवातीच्या आराखड्यात रोटर मिनिटाला ६,४०० फेऱ्यांनी फिरतो आणि कमाल उड्डाणानंतर ५,२०५ वर येतो. वेग १९ टक्क्यांनी उतरला, पण ऊर्जा ३४ टक्के निघाली. म्हणजे उड्डाण झाल्यावरही दोन-तृतीयांश ऊर्जा रोटरमध्येच असते. हे मुद्दाम असतं. वेग फार उतरू दिला तर त्याच जनरेटरमधून व्होल्टेज आणि शक्ती दोन्ही घसरतात, आणि आपल्याला सर्वाधिक शक्ती हवी असते ती नेमकी शेवटी.

याची किंमत दुरुस्तीच्या वेळी मोजावी लागते. फोर्डवर ऊर्जासाठा आणि कन्व्हर्टर चारही कॅटापल्टना सामायिक आहेत. अमेरिकी संरक्षण खात्याच्या चाचणी विभागाने यावर वारंवार बोट ठेवलं आहे: एक कॅटापल्ट बिघडला तर त्याचा विद्युत भाग वेगळा करून उड्डाणं चालू असतानाच दुरुस्त करता येत नाही, आणि नुसते रोटर थांबवायलाच दीड तास लागतो. सामायिक साठ्याने वजन आणि जागा वाचते हे खरं. पण वाफेच्या कॅटापल्टमध्ये एक बंद पडला की बाकीचे चालू ठेवून त्याला हात घालता यायचा, ती सोय गेली. नव्याने आखणी करणाऱ्याने किमान दोन स्वतंत्र गट, प्रत्येक गटाला स्वतःचा आयसोलेटर आणि अर्थिंग, एवढं तरी धरावं. २०२० च्या आकड्यांनुसार ३,९७५ उड्डाणांत सरासरी १८१ उड्डाणांमागे एक गंभीर बिघाड होता. अपेक्षा ४,१६६ उड्डाणांमागे एक अशी होती. पुढे त्यात सुधारणा झाली, पण अशा आकड्यांवर "वेगळं करून दुरुस्त करता येणं" हा चैनीचा मुद्दा राहत नाही.

बॅटरी का नाही, हे हमखास विचारलं जातं. ऊर्जा थोडीच लागते, पण शक्ती अफाट. लिथियम बॅटरीतून तिच्या क्षमतेच्या दहापट दराने उपसा केला (हेसुद्धा तिला जड जातं) तरी ६५ मेगावॉटसाठी साडेसहा मेगावॉट-तासांची बॅटरी लागते. लागणारी ऊर्जा याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी. बाकीचं सगळं दारूगोळ्याच्या शेजारी ठेवलेलं आगीचं जोखमीचं ओझं. सुपरकपॅसिटर जास्त सयुक्तिक आहेत: व्होल्टेज निम्म्यावर येईपर्यंत उपसलं तर ७५ टक्के ऊर्जा मिळते. १५० मेगाज्यूल वापरता यायला, किलोला ५ वॉट-तास धरून, नुसत्या सेलचं वजन ११ टन. चौकटी, बसबार आणि कूलिंग धरून त्याच्या दुप्पट समजा. फिरता भाग नाही, गट पाडणं सोपं. तोटा एवढाच की कन्व्हर्टरला निम्म्या व्होल्टेजवरही पूर्ण शक्ती द्यावी लागते, म्हणजे दुप्पट करंट, आणि सेमीकंडक्टर त्या हिशोबाने घ्यावे लागतात.

जाता जाता: वाफेच्या कॅटापल्टलाही हेच तंत्र लागतं. एका उड्डाणाला सुमारे ६०० किलो वाफ जाते आणि ती बॉयलरमधून थेट येत नाही, आधी भरून ठेवलेल्या टाक्यांतून येते.

उष्णतेचा हिशोब शेवटी करायची सवय चुकीची आहे, कारण सलग उड्डाणांची खरी मर्यादा बहुतेक वेळा तीच ठरवते. जहाजाकडून २०० मेगाज्यूल घेतले, विमानाकडे १२२ गेले, तर ८० च्या आसपास उष्णता झाली. ४५ सेकंदांच्या चक्रात हे एका कॅटापल्टमागे १.८ मेगावॉट. शीतक पाण्याचं तापमान १० अंशांनी वाढू द्यायचं तर सेकंदाला ४३ लिटर पाणी फिरवावं लागतं, आणि ते गोड्या पाण्याचं बंद वर्तुळ समुद्राच्या पाण्याने थंड करायचं. समुद्रच ३२ अंशांवर असेल तर हातात उरलेलं अंतर झपाट्याने आटतं. मोटरचं तांबं ५० अंशांनी तापलं तर त्याचा विद्युत-रोध २० टक्क्यांनी वाढतो. तोच जोर लावायला नुकसान तेवढंच वाढतं, आणि तांबं आणखी तापतं. शटलमधल्या हलत्या प्लेटला तर पाण्याची नळीच जोडता येत नाही. तिच्यात प्रेरित करंटची उष्णता साचत जाते आणि ती परत येतानाच्या वेळात जेवढी निवेल तेवढीच. म्हणून "४५ सेकंदांत एक" हा आकडा पाहिला की पहिला प्रश्न विचारा: सलग किती?

नियंत्रणाबद्दल थोडक्यात. स्टेटरचे (मोटरच्या स्थिर भागाचे) तुकडे असतात आणि शटल ज्यांच्या समोर आहे तेवढेच चालू केले जातात. स्थिती मोजणारे सेन्सर आणि तुकडे बदलणारे स्विच यांचा ताळमेळ जरा चुकला की जोरात खड्डा पडतो आणि तो थेट विमानाच्या पुढच्या चाकाच्या दांड्याला बसतो. मूळ आराखड्यात कमाल आणि सरासरी जोराचं गुणोत्तर १.०५ च्या आत ठेवायचं उद्दिष्ट होतं ते याचसाठी. २०१४ मध्ये जमिनीवरच्या चाचण्यांत एफ/ए-१८ च्या पंखांखाली बाहेरच्या इंधन टाक्या असताना त्यांच्यावर जास्त ताण येतो असं आढळलं, आणि तो सॉफ्टवेअरमधून जोराचा आलेख बदलून सोडवावा लागला. चाचणीचा क्रम म्हणूनच ठरलेला असतो: आधी रिकामं शटल, मग विमानाऐवजी चाकांवरची ३६ टनांपर्यंतची मृत-वजनं समुद्रात किंवा नदीत फेकून, आणि शेवटी विमान. फोर्डवर हे २०१५ मध्ये जेम्स नदीत केलं गेलं.

तुमच्या मूळ प्रश्नाला आकडा द्यायचाच तर: दोन कॅटापल्ट, बिगर-अणु जहाज, पूर्ण विद्युत-प्रोपल्शन असेल तर कॅटापल्टसाठी वेगळा जनरेटर न घेता प्रोपल्शनमधून ११ मेगावॉट उसने घ्यायची व्यवस्था करा, आणि कूलिंग, कन्व्हर्टरची वातानुकूलित खोली व रोटर फिरते ठेवण्याचं नुकसान यांसाठी दोन-तीन मेगावॉट कायमचे धरा. प्रोपल्शन यांत्रिक असेल तर तेच १३-१४ मेगावॉट जास्तीचे, वर एक संच राखीव. आणि एखादा जनरेटर अचानक पडला तर सगळ्यात आधी तोडायचा भार कॅटापल्ट भरण्याचाच ठेवा, रडार किंवा सुकाणू नव्हे. भरणं अर्धवट तुटलं तर एक उड्डाण उशिरा होईल एवढंच. साठा एकदा पूर्ण भरला की पुढच्या तीन सेकंदांसाठी जहाजाच्या वीजपुरवठ्याची गरज नसते, फक्त नियंत्रण-संगणक, सेन्सर, गेट-ड्राइव्ह (कन्व्हर्टरचे स्विच चालवणारी सर्किटं) आणि रोटरच्या बेअरिंगचं वंगण यांचा पुरवठा यूपीएसवर असायला हवा. यातलं वंगण हटकून विसरलं जातं, आणि त्याचं यूपीएस तीन सेकंदांचं नव्हे, रोटर पूर्ण थांबेपर्यंतच्या दीड तासाचं लागतं.